३४ माणसं आणि रात्रपाळीला एकटी

सिस्टर, नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या एका वृद्धाश्रमात चार वर्षं कामाला आहे. मावशी म्हणून लागलो, आता दोन वर्षं मला सुपरवायझर म्हणतात. पगार तेवढाच, हजार रुपये वाढले. आमच्याकडं ३४ आजी-आजोबा आहेत. त्यात नऊ जण पूर्ण अंथरुणावर, सहा जणांना काही आठवत नाही. दिवसा आम्ही तिघी, रात्री एकटी. पाळी बारा तासांची. दिवाळीपासून तीन बायका सोडून गेल्या. एक घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोत गेली, एक गोकुळ शिरगावला कंपनीत लागली, एकीचं लग्न झालं. नवीन येतात ते आठ दिवसांत पळतात. मला कुणी काही शिकवलं नाही, आधीच्या मावशींचं बघून शिकलो. गेल्या महिन्यात एका आजोबांच्या कमरेला जखम झाली ती हाडापर्यंत गेली. त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, तुम्ही माणसं आहात की कोण? ट्रस्टी गप उभे. ती जखम माझ्यामुळं झाली का? आणखी एक सांगतो, ते कुणाला सांगितलेलं नाही. दुसरे एक आजोबा रात्री लघवीची नळी ओढतात, एकदा रक्त आलं. तेव्हापासून रात्री मी त्यांचा हात ओढणीनं खाटेला बांधतो. सकाळची पाळी यायच्या आत सोडतो. घरी मालक म्हणतात, सोड ते काम. ब्युरोवाले दिवसाला सातशे देतो म्हणतात. सोडू का? सोडलं तर ह्यांचं कोण करणार?
— एक मावशी, कोल्हापूर

बाळ,

तुझं पत्र तसंच्या तसं छापायला दिलंय, ‘मी बांधतो, मी सोडतो’ यासकट. बाहेरच्या वाचकांना वाटेल मुद्रितशोधकाला डुलकी लागली. आपल्याकडच्या बायका असंच बोलतात. मीही घरी असंच बोलतो.

आधी ओढणीचं. ते तू शेवटी दोन ओळींत उरकलंस, पण झोप त्यानंच गेलेली दिसते. मीही बांधलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, गच्च भरलेल्या वॉर्डात, रात्री दोन वाजता, गॉजच्या पट्टीनं. तेव्हा सगळ्याच बांधायच्या आणि डॉक्टरांच्या राउंडच्या आधी सोडायच्या, अगदी तुझ्यासारख्या. एका पहाटे पट्टी सोडली तर म्हाताऱ्याचं मनगट काळंनिळं, बोटं गार आणि सुजलेली. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. नुसते हाताकडं बघत राहिले. त्यानंतर मी कधी बांधलं नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण त्यानंतरही दोनदा बांधलं. तेव्हा तुझा न्याय करायला मी बसलेली नाही. पण आज रात्रीपासून ते बंद कर.

बांधलेला माणूस शांत होत नाही. ज्याला आपण कुठं आहोत हेच आठवत नाही, त्याला हात अडकलाय एवढंच कळतं; तो जास्त घाबरतो, जास्त हिसके देतो. खाटेच्या कठड्यावरून उतरायला जातो आणि लटकतो. अशानं जीव गेलेत. नळी ओढण्यामागं बहुतेक वेळा कारण असतं आणि ते त्याला सांगता येत नाही. नळी तुंबून मूत्राशय भरलं असेल, जंतुसंसर्गानं आग होत असेल, तीन दिवस पोट साफ झालं नसेल. आधी हे बघ. नळी मांडीला चिकटपट्टीनं अशी लाव की कूस वळली तरी ताण बसू नये. पायजम्याच्या आतून खाली ने, हाताशी लोंबकळू देऊ नको. पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला टेकलेली नको. रात्री मिणमिणता दिवा असू दे. हातात एखादा गुंडाळलेला टॉवेल दे. आयुष्यभर काम केलेले हात रिकामे राहत नाहीत, त्यांना धरायला काहीतरी लागतं. आणि डॉक्टरांना सरळ विचार: ही नळी अजून लागते का? मी अशा नळ्या पाहिल्यात की दवाखान्यातून येताना घातलेली असते आणि चादरी कमी भिजतात म्हणून महिनोन्‌महिने तशीच राहते. जितके जास्त दिवस नळी, तितका संसर्गाचा धोका जास्त. ‘मी हात बांधत होते’ हेही डॉक्टरांना आणि ट्रस्टींना तूच सांग. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.

आता जखमेचं. ती तुझ्यामुळं झाली का, हे मनाला विचारू नको, हिशोबाला विचार. मी तुझ्याच आकड्यांवर हिशोब घातलाय.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. गादी चांगली असेल, हवेची असेल, तर काही जणांना तीन-चार तास चालतात, पण ते बघून नर्सनं किंवा डॉक्टरांनी ठरवायचं. तुझ्याकडं नऊ जण. रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे सहा फेऱ्या. नऊ सक चोपन्न वेळा कूस बदलणं. त्यात ओलं पॅड काढणं, पुसणं, कोरडं करणं, चादर ओढून सुरकुती काढणं धरलं तर एकेकाला आठ मिनिटं कुठं गेली कळत नाही. झाली ४३२ मिनिटं. सात तास बारा मिनिटं. बारा तासांतले सात तास तू न थांबता, पाणीही न पिता नुसत्या कुशी बदलायच्या, आणि तेवढ्या वेळात उरलेल्या पंचवीस जणांपैकी एकालाही लघवीला उठवायचं नाही, एकानंही पडायचं नाही, आठवण गेलेल्या सहांपैकी कुणी दाराशी जाऊन कडी वाजवायची नाही. शिवाय त्या नवांपैकी दोघे-तिघे वजनदार असणारच. त्यांना एकटीनं वळवताच येत नाही, ओढावं लागतं. आणि ओढलं की कातडी सोलते.

जखम इथून आली. कुणी बेफिकीर होतं म्हणून आली असं नाही. तू देवमाणूस असतीस तरी आली असती.

तरीही शिकण्याचा भाग उरतोच, तो मी झाकणार नाही. अशी जखम हाडापर्यंत एका रात्रीत सहसा जात नाही. त्याआधी खूण दिसलेली असते: लाल डाग, जो बोटानं दाबला तरी पांढरा होत नाही. पण आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसतच नाही, आणि बहुतेक तक्त्यांत चित्रं गोऱ्या कातडीची असतात. म्हणून डोळ्यांवर विसंबू नको, हात लाव. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे. आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम लागते का, गार लागते का, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का, रंग जांभळट झालाय का. आंघोळ घालताना रोज एकदा. डाग दिसला तर तिथं तेल-पावडर लावून चोळायचं नाही. आपल्या बायकांना चोळल्याशिवाय सेवा केल्यासारखं वाटत नाही, पण आतली कातडी आधीच दुखावलेली असते, चोळून ती जास्त फाटते. रबरी रिंग बुडाखाली देतात तीही काढ. मधला भाग वाचतो आणि कडेचा रक्तपुरवठा दाबला जातो. पूर्ण कुशीवर वळवण्यापेक्षा पाठीला उशी देऊन थोडं तिरकं ठेव. टाचांखाली उशी द्यायची नाही, पोटऱ्यांखाली द्यायची, म्हणजे टाच अधांतरी राहते. आणि खाली एक आडवी चादर कायम असू दे. दोघींनी दोन्ही कडा धरून उचलायचं, फरफटवायचं नाही.

बघ, एवढं सांगायला मला दहा मिनिटं लागली. चार वर्षांत तुला ही दहा मिनिटं कुणी दिली नाहीत. याचा मला राग येतो.

भरवण्याचंही लिहिते, कारण त्यात माणसं जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आडवं ठेवून घास द्यायचा नाही, कितीही घाई असो. नीट बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आधीचा घास गिळलेला दिसल्यावरच पुढचा. खाल्ल्यावर अर्धा तास तसंच बसलेलं ठेवायचं. घासागणिक खोकला येत असेल, आवाज ओला-घोगरा होत असेल, तर घास श्वासनळीत चाललाय. ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. आणि एखादे आजोबा कालपर्यंत ठीक होते, आज अचानक बडबडायला लागले किंवा नुसतेच गुंगीत पडून राहिले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नको. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, यातलं काहीतरी असू शकतं. म्हाताऱ्यांना ताप न येताही संसर्ग असतो.

आता मला जे खरं बोलायचं होतं ते. तुझ्या पत्रात एक शब्द नाही, पण प्रत्येक ओळीत तोच आहे: सांभाळून घेतो. एक सोडून गेली, तू सांभाळून घेतलंस. दुसरी गेली, तू दुपारची झोप सोडलीस. तिसरी गेली, तू रात्री एकटी राहिलीस आणि ओढणी काढलीस. ट्रस्टींच्या नजरेनं बघ. तीन बायका गेल्या, तरी सकाळी चहा झाला, चादरी वाळत पडल्या, आजोबांची दाढी झालेली. मग त्यांना वाटणारच की माणसं पुरतात. चार बायकांचं काम तू तुझ्या पाठीच्या मणक्यात दडवून ठेवलंयस. ते बाहेर काढ आणि टेबलावर ठेव.

ते कसं? एक शंभर पानी वही आण. पंधरा रात्री लिही. किती वाजता कुणाची कूस बदलली, आणि किती वाजता बदलायची राहिली. राहिलेलं लिहिणं जास्त महत्त्वाचं. कोण पडलं, कोण ओलं राहिलं, घंटा वाजली तेव्हा तू कुठं होतीस. रडगाणं नको, नुसती वेळ आणि खाट नंबर. मग ती वही आणि माझा वरचा हिशोब घेऊन ट्रस्टींना भेटायची वेळ माग. एकटी जाऊ नको, दुसऱ्या मावशीला घेऊन जा, आणि बोलणं झालं की त्याच दिवशी साध्या कागदावर लिहून द्या, पोच घ्या.

मागणी काय करायची? पहिली, रात्री दोघी. ‘दोघी’ म्हणजे दोन नेमणुका असं त्यांना वाटेल, तर तेही गणित सांग. रात्रीची एक जागा आठवड्याला ८४ तास. माणसानं आठवड्याला ४८ तास काम करायचं धरलं तर एका जागेला पावणेदोन माणसं लागतात. दोन जागांना साडेतीन. आजारपण, सणवार धरले की चार. तुमच्याकडं आठवड्याला सहाच दिवस धरले तरी बारा-बारा तास म्हणजे ७२ तास भरतात, म्हणून ते दोन-तीन बायकांत भागतंय. ‘भागतंय’ म्हणजे काय ते त्या आजोबांच्या कमरेवर दिसलं.

दुसरी मागणी त्यांना फार झोंबेल. माणसं मिळेपर्यंत अंथरुणाला खिळलेला नवा माणूस घ्यायचा नाही. डिपॉझिट कितीही येऊ दे, शिफारस कुणाचीही असू दे. ‘नाही कसं म्हणायचं, त्यांची फार अडचण आहे’ असं म्हणतील. खिळलेले नऊ एकटीला झेपत नाहीत, तिथं दहावा घेणं म्हणजे त्या नऊ जणांच्या वाट्याची मिनिटं त्याला देणं.

तिसरी, गळती कुठून होतेय ते बघा. बायका कष्टाला घाबरून पळत नाहीत. ब्युरोत एकच पेशंट असतो, पैसे जास्त, आणि घरची माणसं निदान चहा विचारतात. कंपनीत पाळी संपली की संपली, आणि लग्नाच्या बैठकीत सांगताना ‘कंपनीत आहे’ म्हणता येतं. ‘म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढते’ असं कुणी सांगत नाही. जातीचाही भाग आहे त्यात. कुठलं काम कुणी करायचं याची जुनी वाटणी अजून लोकांच्या मनात आहे, आपण कितीही शाहू महाराजांचं नाव घेतलं तरी. मग निदान रात्री उशिरा सुटणाऱ्या बाईला घरापर्यंत रिक्षाचे पैसे द्या, साडीवर घालायला स्वच्छ एप्रन द्या, बसून डबा खायला एक खोली द्या. ‘मावशी’ म्हणून हाक मारा, पण गळ्यात ओळखपत्र नावासकट असू द्या. यातलं काहीच महाग नाही.

आणि सुट्ट्यांचं आधी ठरवा. आपल्या जिल्ह्यात कधी माणसं कमी पडणार हे पंचांगात लिहिलेलं आहे. जुलैत पन्हाळा-शाहूवाडी-राधानगरीकडच्या बायका रोपलावणीला घरी जाणार. गौरी-गणपतीला जाणार. चैत्रात जोतिबाला जाणार. पंचगंगेला पूर आला की शिरोलीपाशी हायवे बंद पडतो, २०१९ ला पडला, २०२१ ला पडला. तेव्हा जी पाळीला आत असते ती आतच अडकते. दरवर्षी येणाऱ्या गोष्टीला अचानक अडचण म्हणत नाहीत. जूनमध्येच बदली बायकांची यादी, आठवडाभराचं औषध, पॅड, डाळ-तांदूळ भरून ठेवायला सांग.

पैसे नाहीत, असं ते म्हणतीलच. कदाचित खरंही असेल. पण कोल्हापूर हात आखडता घेणारं गाव नाही. वाढदिवसाला केळी येतात, पुण्यतिथीला शिरा-पुरी येते, वॉटर कूलर येतो आणि त्यावर कैलासवासींचं नाव येतं. एकाच आठवड्यात तीन वेळा जिलेबी आलेली मी पाहिलीय, मधुमेहाच्या पंगतीत. मायेनं देतात, देऊ देत. पण देणाऱ्याला सांगायला हवं की यंदा आईच्या स्मरणार्थ एका रात्रपाळीचा वर्षाचा पगार द्या. बोर्डावर तेही नाव लिहिता येतं. हे ट्रस्टींना सुचत नाही, कारण मागायला जिलेबी सोपी.

शिक्षणाचं. सरकारी कौशल्य विकासात ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ नावाचा रुग्णसेवेचा छोटा अभ्यासक्रम आहे. दिल्लीची राष्ट्रीय समाज रक्षा संस्थान ही सामाजिक न्याय मंत्रालयाची संस्था ज्येष्ठांच्या सेवेचं प्रशिक्षण देते. एका बाईला तिकडं पाठवायला संस्थेनं पगारी सुट्टी द्यावी. पण भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रानं पाठीची जखम थांबत नाही. मला विचारशील तर पाळी बदलताना रोज वीस मिनिटं, एकच गोष्ट, खऱ्या खाटेपाशी. आज चादरीनं उचलणं, उद्या भरवणं, परवा टाचा. फिजिओथेरपिस्टला एक दुपार बोलवा; खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं हे ते तासाभरात दाखवतील. जवळच्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र द्या की विद्यार्थिनींना आमच्याकडं पाठवा. पोरींना शिकायला मिळतं, तुम्हाला हात मिळतात. फक्त त्यांच्या भरवशावर पाळ्या लावू नका, परीक्षा आली की त्या जाणार.

आणि तुला काय करायचं नाही तेही ऐक. इन्शुलिन टोचणं, सलाईन लावणं, लघवीची किंवा नाकातली नळी नवी घालणं ही तुझी कामं नाहीत. त्याला नर्सिंगचं शिक्षण, म्हणजे एएनएमची दोन वर्षं किंवा जीएनएमची तीन वर्षं लागतात आणि नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी लागते. ‘तुला येतंय की गं’ असं कौतुकानं म्हणतील, तेव्हा जास्त सावध राहा. उद्या काही झालं तर हेच कौतुक ‘आम्ही तिला सांगितलंच नव्हतं’ होतं.

कायद्याकडून फार आशा धरू नको. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार ज्येष्ठांच्या निवासाची तरतूद आहे. सगळ्याच वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान दर्जाचं बंधन घालणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा त्याबरोबरच संपलं. तरी ट्रस्टींनी ऐकलंच नाही आणि आजी-आजोबांच्या जिवावर बेतायला लागलं, तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे, आणि विचारे माळावर सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणचं कार्यालय आहे. तिथं जाताना वही बरोबर ने.

त्या पुण्याच्या मुलाचं काय? तो ओरडला, कारण त्यानं बापाची जखम प्रथम उघडी पाहिली. लाल डाग होता तेव्हा त्याला फोन गेला असता तर तो इतका ओरडला नसता. यापुढं डाग दिसला की त्याच दिवशी घरी फोन, हा नियमच करा. ट्रस्टी गप उभे राहिले त्यांना मात्र मी सोडणार नाही. त्या वेळी ‘रात्री आम्ही एकच बाई ठेवतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

सोडू का, विचारतेस. दोन महिने दे. कॅलेंडरवर तारखेला गोल कर. रात्रीची दुसरी बाई आली आणि खिळलेल्यांची भरती थांबली, तर राहा. तुझ्यासारखी बाई त्या नऊ जणांना पुन्हा मिळायची नाही. दोन्हीपैकी काहीच झालं नाही, तर महिन्याची नोटीस देऊन ब्युरोत जा. ‘ह्यांचं कोण करणार’ हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. ज्यांनी ३४ जणांना आत घेतलं त्यांचा आहे. जाताना प्रत्येकाची सवय लिहून ठेव: कुणाला उजव्या कुशीवर झोप येते, कुणाला गार पाणी चालत नाही, कोण कुठल्या नावानं हाक मारली की तोंड उघडतं. माझ्या कमरेचे दोन मणके सरकलेत, बाळ, चाळीस वर्षं सांभाळून घेतल्याचे. आता खाली पडलेला चमचा उचलायला मला सुनेला हाक मारावी लागते.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मी दोनदा शोधली, सापडली नाही. तुझी आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी असते? पुढच्या पत्रात आधी ते लिही.